गर्भरक्षणानंतर : तरुण मंडळांतील मुलांचा सांभाळ

कुंभकोणमपासून सुमारे २० किलोमीटर अंतरावर, वेट्टारु नदीच्या काठी, तिरुक्करुगावूर नावाचे गाव आहे. तंजावर जिल्ह्याच्या पापनाशम तालुक्यात मोडणारे हे गाव आकाराने लहान असले, तरी त्याची कीर्ती फार दूरवर पसरलेली आहे. तमिळ भाषेत ‘करु’ म्हणजे गर्भ, ‘का’ म्हणजे राखणे आणि ‘ऊर’ म्हणजे गाव. ‘तिरु’ हा आदरवाचक शब्द होय. गर्भाची राखण करणारे पवित्र गाव, असा या नावाचा अर्थ आहे. येथील मुल्लैवननाथाच्या मंदिरातील देवी गर्भरक्षांबिका या नावाने ओळखली जाते. संबंदर आणि अप्पर या दोन्ही शैव संतांनी या क्षेत्राची स्तुती गायिली आहे. अपत्याची आस असलेली जोडपी आणि सुखरूप बाळंतपणाची इच्छा करणाऱ्या गर्भवती स्त्रिया आजही येथे येतात व देवीच्या पायाशी ठेवलेले तूप किंवा एरंडेल प्रसाद म्हणून घरी नेतात.

या क्षेत्राची कथा अशी सांगतात : निध्रुव ऋषींची पत्नी वेदिका गर्भवती होती. पती घरी नसताना ऊर्ध्वपाद नावाचे मुनी भिक्षेसाठी दारी आले. शिणलेल्या वेदिकेकडून त्यांना उत्तर गेले नाही आणि क्रोधाने त्यांनी शाप दिला. त्या शापाने गर्भ झिजू लागला. वेदिकेने देवीचा धावा केला. देवीने तो गर्भ एका दिव्य कुंभात ठेवला, पूर्ण दिवस भरेपर्यंत त्याची राखण केली आणि मग सुदृढ बालक आईच्या हाती दिले. कथा येथे संपत नाही. बाळाला दूध हवे होते, म्हणून कामधेनू आली. तिने खुराने भूमी उकरली आणि दुधाचे तळे झाले. मंदिराजवळचे क्षीरकुंड ते हेच, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

कथेतील हा उत्तरार्ध विचार करण्याजोगा आहे. गर्भ वाचला म्हणजे काम संपले, असे कथाकारांनी मानलेले नाही. मूल जन्माला आल्यावर त्याच्या रक्षणाचे स्वरूप बदलते, पण गरज संपत नाही. पुढे ते घराचा उंबरठा ओलांडते. शाळेत जाते, मैदानावर जाते, सहलीला, शिबिराला, कवायतीला, भजनाला, नाटकाच्या तालमीला जाते. त्या प्रत्येक ठिकाणी आईबाप आपले मूल दुसऱ्या कोणाच्या तरी हाती सोपवितात. ज्यांच्या हाती ते सोपविले जाते, त्यांचे कर्तव्य कोणते, हा या व्याख्यानाचा विषय आहे. त्यातही विशेष विचार करावयाचा आहे तो स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या बालक-तरुणांच्या संघटनांचा. कारण या संघटना जितक्या उपयुक्त आहेत, तितकाच त्यांतील मुलांच्या सुरक्षिततेचा विचार आजवर कमी झालेला आहे.

या परिसराला एका मोठ्या दुःखाची आठवण आहे. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणम शहरातील एका खासगी प्राथमिक शाळेत आग लागली. माध्यान्ह भोजन शिजविण्याच्या जागी पेटलेली ती आग वरच्या मजल्यावरील गवताच्या छपराला लागली आणि पाहता पाहता वर्गांवर जळते छप्पर कोसळले. जिना अरुंद होता. ९४ लहान मुले मृत्युमुखी पडली. दहा वर्षांनी, ३० जुलै २०१४ रोजी, तंजावरच्या न्यायालयाने १० जणांना दोषी ठरविले व ११ जणांची सुटका केली. दरम्यान १३ एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या दुर्घटनेच्या संदर्भात निर्णय देताना स्पष्ट केले की, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही अंतर्भूत आहे.

कुंभकोणमच्या त्या शाळेत मुलांना मारावे असे कोणाच्याही मनात नव्हते. तरीही मुले गेली. छप्पर गवताचे आहे, चूल त्याच्या जवळ आहे, बाहेर पडण्याची वाट अपुरी आहे, या गोष्टी अनेकांच्या डोळ्यांसमोर होत्या. पण त्या पाहण्याचे आणि पाहून काही करण्याचे काम नेमके कोणाचे, हे ठरलेले नव्हते, किंवा ज्याचे होते त्याने ते केले नाही. मुलांच्या संरक्षणाच्या प्रश्नाचे मर्म येथेच आहे. दुष्ट माणूस हे त्याचे एक कारण असते, परंतु दुष्ट माणसाला वाव देणारी ढिलाई हे त्याहून मोठे कारण असते.

तंजावरच्या भूमीशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. १६७६ ते १८५५ या काळात येथे भोसले घराण्याचे राज्य होते. त्या घराण्यातील सरफोजी राजे यांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटाला लिहिलेल्या पत्रात आपल्या राज्यातील छत्रांची, म्हणजे धर्मशाळा व अन्नछत्रांची, माहिती दिली आहे. प्रवासात बाळंतपणाची वेळ आलेल्या स्त्रीची तेथे काळजी घेतली जाई. वाटेत मरण पावलेल्या प्रवाशाची मुले शाळेच्या शिक्षकाच्या हवाली केली जात आणि त्यांच्या जेवणाची, तेल लावून अंघोळ घालण्याची, कपड्यांची, आजारपणातील औषधाची व्यवस्था ठरलेली असे. येथे दया तर आहेच, परंतु दयेच्या जोडीला व्यवस्था आहे. मूल कोणाच्या हवाली, त्याला काय मिळावे, किती वेळा मिळावे, हे सारे लिहून ठेवलेले आहे. सत्कार्याला नियमांची अडचण वाटू नये, हा धडा दोनशे वर्षांपूर्वीच्या या व्यवस्थेतून घेता येतो.

बालक आणि तरुण यांच्या संघटनांची आपल्या देशात मोठी परंपरा आहे. महाराष्ट्रात १९४१ साली राष्ट्र सेवा दल उभे राहिले आणि एस. एम. जोशी त्याचे पहिले दलप्रमुख झाले. १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा झाला. १९५० साली भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संघटना स्थापन झाली. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. याखेरीज गावोगावची गणेशोत्सव मंडळे, लेझीम आणि ढोल-ताशा पथके, गोविंदा पथके, व्यायामशाळा, कबड्डीचे संघ, बालनाट्याच्या संस्था, संस्कारवर्ग, गिर्यारोहणाचे गट, अशी मोजदाद करू लागल्यास ती संपणार नाही. या मंडळांनी हजारो मुलांना धीट केले, जातिपातीच्या भिंती ओलांडून एकत्र जेवायला शिकविले, गरीब घरातील मुलाला पहिल्यांदा डोंगर आणि समुद्र दाखविला. त्यांच्या कार्याचे मोल कमी लेखण्याचा येथे यत्किंचितही हेतू नाही.

तथापि या मंडळांच्या स्वभावातच एक दुबळेपणा आहे. येथे काम करणारा मनुष्य पगार घेत नाही. तो आपला रविवार देतो, पदरचे पैसे खर्च करतो. अशा माणसाला ‘आपण कोण, यापूर्वी कोठे काम करीत होता, ते का सोडले?’ असे विचारणे संकोचाचे वाटते. नोकरीसाठी आलेल्या शिपायाची चौकशी केली जाते, पण सेवेसाठी आलेल्या माणसाला हार घातला जातो. कृतज्ञतेमुळे चौकशी थांबते, आणि जेथे चौकशी थांबते ते ठिकाण गैरहेतूच्या माणसाला चांगले ठाऊक असते. शंभर स्वयंसेवकांपैकी नव्याण्णव निर्मळ मनाचे असतील, परंतु उरलेला एक याच दाराने आत येतो.

तमिळनाडूतच अलीकडे घडलेले एक प्रकरण या दृष्टीने अत्यंत बोलके आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कृष्णगिरी जिल्ह्यातील एका खासगी शाळेत राष्ट्रीय छात्रसेनेच्या नावाने शिबिर भरविण्यात आले. १७ मुली शाळेच्या आवारातच मुक्कामाला होत्या. शिबिर घेणाऱ्यांचा छात्रसेनेशी काहीही संबंध नव्हता आणि त्या शाळेत छात्रसेनेची तुकडीही नव्हती. मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या. मुलींनी शाळेत सांगितले, तेव्हा प्रकरण वाढवू नका, असे त्यांना सुचविण्यात आल्याचा आरोप झाला. पालक पोलिसांकडे गेले, शाळेच्या चालकांसह अनेकांना अटक झाली आणि राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले. मुख्य आरोपी खटला उभा राहण्यापूर्वीच मरण पावला.

या प्रकरणातील साखळीचा एकेक दुवा पाहण्यासारखा आहे. गणवेश आणि मोठ्या संस्थेचे नाव पाहून कोणी ओळखपत्राची खातरजमा केली नाही. छात्रसेनेच्या जिल्हा कार्यालयाकडे एक चौकशी केली असती, तर शिबिर भरलेच नसते. मुली मुक्कामी असताना त्यांच्यासोबत शाळेची जबाबदार शिक्षिका राहील, अशी तजवीज झाली नाही. आणि मुलीने तोंड उघडल्यावर तिच्या शब्दापेक्षा संस्थेच्या नावाला अधिक जपले गेले, असा आरोप आहे. यांपैकी कोणताही एक दुवा तुटला असता, तरी अनर्थ टळला असता किंवा निदान तो लवकर उघडकीस आला असता.

गोवा आणि मुंबई येथील दोन जुनी प्रकरणे याच गोष्टीची साक्ष देतात. गोव्यात फ्रेडी पीट्स नावाचा गृहस्थ अनाथ मुलांचा आश्रयदाता म्हणून मान्यता पावला होता. १९९१ साली त्याला अटक झाली, आणि १९९६ साली मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल त्याला जन्मठेपेची शिक्षा झाली. पुढे २००३ साली गोव्याने मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला व बाल न्यायालय स्थापन करण्याची तरतूद केली. मुंबईत कुलाबा भागात रस्त्यावरील मुलांसाठी निवारे चालविणाऱ्या दोन ब्रिटिश नागरिकांना २००६ साली सत्र न्यायालयाने दोषी ठरविले. २००८ साली उच्च न्यायालयाने त्यांना सोडले, आणि १८ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा पुन्हा कायम केली. दोन्ही ठिकाणी शोषण करणारे लोक समाजाच्या दृष्टीने परोपकारी होते. त्यांच्या परोपकारानेच त्यांच्याभोवती तटबंदी उभी केली होती.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बाल-अत्याचारासंबंधीचा एक देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून तयार झालेल्या या अभ्यासात ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले. मुलगे आणि मुली दोघेही त्यात होते. छळ करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे, किंवा विश्वासाच्या व जबाबदारीच्या स्थानावर असलेले होते. काळोख्या गल्लीतील अनोळखी माणसापासून सावध राहण्याची शिकवण मुलांना पुष्कळ दिली जाते, परंतु धोका बहुधा ओळखीच्या चेहऱ्याने येतो.

असा मनुष्य प्रथम मुलाचा नव्हे, तर मोठ्यांचा विश्वास संपादन करतो. घरी येतो, आईची विचारपूस करतो, वडिलांच्या अडचणीला धावतो. मग एखाद्या मुलाला तो इतरांहून वेगळे वागवू लागतो. त्याला भेटवस्तू देतो, संघात विशेष स्थान देतो, एकट्याला सोबत नेतो. हळूहळू ‘हे आपल्या दोघांतच राहू दे’ अशी लहानसहान गुपिते निर्माण करतो. शेवटी मूल अशा ठिकाणी येऊन पोचते की, सांगावे तर आपलाच दोष निघेल आणि आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, असे त्याला वाटू लागते. मुले गप्प राहतात ती खोटेपणामुळे नव्हे, तर या कोंडीमुळे.

परदेशांतील अनुभवही काही वेगळा नाही. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधील डनब्लेन गावच्या शाळेत एका माणसाने १६ मुले आणि त्यांची शिक्षिका यांची गोळ्या घालून हत्या केली. स्काउट संघटनेने त्या माणसाला १९७४ सालीच नेतृत्वावरून दूर केले होते. त्यानंतर त्याने स्वतःचे मुलांचे क्लब काढले आणि सार्वजनिक शाळांचीच सभागृहे भाड्याने घेऊन ते वर्षानुवर्षे चालविले. पालकांच्या तक्रारी होत राहिल्या. न्यायमूर्ती कलन यांच्या चौकशी अहवालाने बंदुकांच्या परवान्यांबरोबरच मुलांच्या क्लबांच्या चालकांची छाननी करण्याची पद्धत असावी, अशी शिफारस केली. एका संस्थेतून काढलेला मनुष्य शेजारी दुसरी पाटी लावू शकतो, ही गोष्ट यातून दिसून आली.

अमेरिकेतील बॉय स्काउट्स या संघटनेने नेतृत्वाला अपात्र ठरलेल्या स्वयंसेवकांच्या गोपनीय नोंदी अनेक दशके ठेवल्या होत्या. २०१२ साली न्यायालयाच्या आदेशाने १९६५ ते १९८५ या काळातील १,२०० हून अधिक नोंदी खुल्या झाल्या, तेव्हा असे दिसले की, कित्येक प्रकरणे पोलिसांपर्यंत गेलीच नव्हती. फेब्रुवारी २०२० मध्ये या संघटनेने दिवाळखोरीचा अर्ज केला. ८२,००० हून अधिक व्यक्तींनी लहानपणी झालेल्या शोषणाबद्दल दावे दाखल केले. संस्थेचे नाव जपण्यासाठी जी गुप्तता पाळली, तिनेच अखेर संस्थेचे नाव आणि धन दोन्ही घालविले.

आता उपायांकडे वळावयाचे. पहिला उपाय म्हणजे माणूस जाणून घेणे. मुलांबरोबर काम करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने, मग तो सरपंचाचा मुलगा असो वा निवृत्त मुख्याध्यापक, लेखी अर्ज द्यावा. त्यात यापूर्वीच्या कामाची माहिती आणि नातेवाईक नसलेल्या दोन परिचितांची नावे असावीत, आणि त्या दोघांशी मंडळाच्या पदाधिकाऱ्याने स्वतः बोलावे. पहिले काही महिने नव्या स्वयंसेवकाने अनुभवी माणसासोबतच काम करावे. २०२० साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार, मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या शाळा, पाळणाघरे, क्रीडा प्रबोधिनी यांसारख्या संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठराविक काळाने करून घेणे आवश्यक आहे. त्याच नियमांत मुलांवरील हिंसा मुळीच खपवून न घेणारे बालसंरक्षण धोरण असावे, असेही म्हटले आहे. ते धोरण मुलांशी संबंध येणाऱ्या सर्व संस्था-संघटनांनी अंगीकारावे, अशी अपेक्षा आहे. स्वयंसेवकाला पगार नाही म्हणून त्याला पडताळणीही नको, असे मानण्यास काही आधार नाही.

दुसरा उपाय दोघांचा नियम. कोणताही प्रौढ मनुष्य एकट्या मुलाबरोबर बंद दाराआड असू नये. प्रत्येक कार्यक्रमात किमान दोन प्रौढ असावेत, आणि मुली असतील तेथे त्यांपैकी एक स्त्री असावी. एखाद्या मुलाशी एकांतात बोलणे आवश्यक झाल्यास ते इतरांच्या दृष्टीच्या टप्प्यात व्हावे. मुक्कामाच्या शिबिरात प्रौढांची आणि मुलांची झोपण्याची जागा वेगळी असावी. अंघोळीच्या आणि कपडे बदलण्याच्या जागेला आडोसा असावा. स्वयंसेवकाने एखाद्या मुलाला एकट्याने आपल्या वाहनावरून नेऊ नये. मोबाइलवरून मुलांना द्यावयाचे निरोप ज्या गटात पालकही आहेत त्या गटातच द्यावेत, रात्रीबेरात्री एकेका मुलाशी खासगी संभाषण करू नये. मुलांची छायाचित्रे पालकांच्या संमतीवाचून प्रसिद्ध करू नयेत.

तिसरा उपाय शारीरिक सुरक्षिततेचा. महाराष्ट्रातील दहीहंडीचा वाद या संदर्भात आठवण्यासारखा आहे. सर्वांत वरच्या थरावर वजनाने हलके मूल चढविण्याची रीत होती आणि थर वाढत गेले तशी ती जीवघेणी होऊ लागली. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालील मुलांना मनोऱ्यात भाग घेण्यास मनाई केली आणि उंचीवर २० फुटांची मर्यादा घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन परत आले. अखेर ऑगस्ट २०१७ मध्ये १४ वर्षांखालील मुलांना भाग घेऊ देणार नाही, ही राज्य सरकारची हमी उच्च न्यायालयाने स्वीकारली. वयाची नेमकी रेषा कोठे असावी, यावर मतभेद होऊ शकतात. परंतु उत्सवाचा आनंद आणि मंडळाची ईर्ष्या यांची किंमत मुलाच्या मणक्याने चुकवू नये, याबद्दल मतभेद नसावा. हीच गोष्ट नदीतल्या पोहण्याची, किल्ल्यावरच्या चढाईची आणि शिबिरातल्या चुलीची. कुंभकोणमची आग स्वयंपाकाच्या जागेपासून सुरू झाली होती, हे कोणत्याही शिबिरप्रमुखाने विसरू नये.

चौथा उपाय सांगण्याच्या वाटेचा. प्रत्येक मंडळात मुलांनी मनातले कोणाकडे बोलावे, हे ठरलेले असावे. अशा दोन व्यक्ती असाव्यात, आणि त्यांपैकी एक मंडळाबाहेरची असावी. कारण तक्रार प्रमुखाविरुद्धच असेल, तर प्रमुखाने नेमलेल्या माणसाकडे मूल जाणार नाही. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झालेली १०९८ ही मुलांची दूरध्वनी सेवा आता शासकीय यंत्रणेमार्फत चालते. हा क्रमांक मुलांना पाठ असावा. मूल बोलू लागले की ऐकावे. त्याला मध्येच अडवू नये, उलटतपासणी करू नये, ‘खरेच का?’ असे म्हणू नये. कोणाला सांगणार नाही, असे वचनही देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. ‘सांगितलेस हे चांगले केलेस, यात तुझा दोष नाही’ एवढे शब्द पुरेसे आहेत. नंतर त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे.

त्यापुढची पायरी कायद्याने ठरवून दिलेली आहे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आलेल्या, लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक मुलगा व मुलगी यांचा समावेश आहे. अपराध घडल्याचे किंवा घडण्याचा संभव असल्याचे ज्याला कळले, त्याने ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळविलेच पाहिजे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीचा अपराध कळविला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, गणवेश न घालता नोंदवावा, अशीही तरतूद आहे.

‘आधी मंडळाची बैठक घेऊ, खरेखोटे पाहू, मग ठरवू’ हा आपल्याकडचा सर्वसाधारण प्रघात आहे. तो वरवर समंजसपणाचा वाटतो, पण तो चुकीचा आहे. बैठकीत आरोपीला सावध होण्यास अवसर मिळतो, मुलावर दडपण येते आणि पुरावा नाहीसा होतो. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहातील आदिवासी मुलींच्या २०१९ सालच्या प्रकरणात, माहिती असूनही ती न कळविल्याचा आरोप एका डॉक्टरवर होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावरील कारवाई पुनरुज्जीवित करताना सांगितले की, अपराधाची माहिती तत्परतेने व योग्य रीतीने कळविणे अत्यंत महत्त्वाचे आहे आणि त्यात कसूर झाल्यास कायद्याचा हेतूच विफल होतो. खरेखोटे ठरविण्याचे काम मंडळाचे नाही. कळविणे, मुलाला आधार देणे आणि संबंधित व्यक्तीला चौकशी पूर्ण होईपर्यंत मुलांपासून दूर ठेवणे, एवढेच मंडळाचे काम आहे.

या सर्वांवर काही आक्षेप घेतले जातात आणि ते प्रामाणिकही असतात. पहिला असा की, इतके नियम घातले तर स्वयंसेवक येणारच नाहीत. वस्तुतः निर्मळ माणसाला नियमांचा जाच होत नाही. दोघांचा नियम जसा मुलाला वाचवितो, तसाच तो स्वयंसेवकाला खोट्या संशयापासून वाचवितो. एकांतच नसेल, तर संशयाला जागा राहत नाही. ज्याला हे नियम अपमानास्पद वाटतात, त्याला ते समजावून सांगावेत, आणि तरीही तो मान्य करीत नसेल, तर त्याचा निरोप घ्यावा.

दुसरा आक्षेप खोट्या तक्रारींचा. मुलाने केलेली तक्रार खोटी ठरली तरी त्याला शिक्षा करू नये, असे कायदा म्हणतो, आणि ते योग्य आहे. मुलाला शिक्षेचे भय घातले, तर खरी तक्रारही पुढे येणार नाही. खोट्या आरोपापासून निरपराध माणसाचे रक्षण करण्यासाठी न्यायालये आहेत. त्यासाठी मुलाचे तोंड बंद करणे हा मार्ग नव्हे.

तिसरा आक्षेप बहुधा उघडपणे मांडला जात नाही, तो घराघरांत कृतीने व्यक्त होतो. कोठे काही घडल्याचे कानी आले की, मुलींना शिबिराला पाठविणे बंद होते. हा उपाय सर्वांत सोपा आणि सर्वांत अन्यायाचा आहे. अपराध दुसऱ्याचा आणि कोंडवाडा मुलीला. ज्या मुलीने पहिल्यांदा मैदानावर शिट्टी वाजवून तुकडी उभी केली असती, पहिल्यांदा गावाबाहेरच्या मैत्रिणी जोडल्या असत्या, ती पुन्हा चार भिंतींत जाते. शिवाय घरात बसविलेली मुले सुरक्षितच असतात असे नाही. २००७ सालच्या अभ्यासातील ओळखीचे लोक घरातही येतात. म्हणून मुलांना संघटनांपासून तोडणे हे ध्येय नसून, संघटना मुलांच्या योग्यतेच्या करणे हे ध्येय आहे.

चौथा आक्षेप पैशाचा आणि सोयीचा. लहान गावातील मंडळाला कचेरी नाही, कर्मचारी नाहीत, मग हे सारे कसे जमावे? परंतु वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. एक वही लागते. तिच्या पहिल्या पानावर स्वयंसेवकांची नावे, पत्ते आणि चौकशी कोणी केली त्याची नोंद असावी. दुसऱ्या पानावर मुलांची नावे, पालकांची संमती, आजार व औषधे यांची माहिती आणि निकडीच्या वेळी बोलवायच्या नातेवाइकाचा दूरध्वनी क्रमांक असावा. तिसऱ्या पानावर प्रत्येक कार्यक्रमाला कोणते दोन प्रौढ हजर होते, मुले किती आली आणि किती सुखरूप घरी पोचली, याची नोंद असावी. चौथ्यावर अपघात किंवा तक्रार यांची नोंद, तारीख व वेळ यांसह असावी, आणि ही नोंद कोणालाही खोडता येऊ नये. ही वही पालकांच्या सभेत दरवर्षी उघडून ठेवावी. मात्र तक्रार करणाऱ्या मुलाचे नाव गुप्त राखलेच पाहिजे. त्याची ओळख उघड करणे हाही कायद्याने अपराध आहे. म्हणून चौथ्या पानाची नोंद स्वतंत्र ठेवून तिची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे द्यावी.

पालकांचेही काही कर्तव्य आहे. मुलाला शिबिराला सोडताना चौकशी करणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. सोबत कोण आहेत, मुक्काम कोठे, झोपण्याची व्यवस्था कशी, फोन करता येईल का, एवढे प्रश्न विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे आणि चांगल्या मंडळाला त्यांचे स्वागतच वाटेल. मूल परत आल्यावर ‘मजा आली ना?’ एवढ्यावर न थांबता, काय आवडले, काय नकोसे वाटले, हेही विचारावे. एखादे मूल अचानक त्या ठिकाणी जायला नको म्हणू लागले, एखाद्या व्यक्तीचे नाव निघताच गप्प झाले, तर त्याला हट्टी किंवा आळशी ठरविण्यापूर्वी त्याच्याजवळ बसावे. आणि शरीराच्या अवयवांची नावे मुलाला लहानपणीच नीट सांगावीत. ज्या गोष्टीला घरात शब्दच नाही, तिची तक्रार मूल कोणत्या शब्दांत करणार?

नव्या वर्षाच्या पहिल्या सभेत, मुले व पालक एकत्र बसलेले असताना, हे नियम मोठ्याने वाचून दाखविणे ही सर्वांत साधी आणि सर्वांत परिणामकारक गोष्ट होय. मुलांना कळते की, कोणत्या गोष्टी चालणार नाहीत, हे मोठ्यांनाही ठाऊक आहे. पालकांना कळते की, विचारण्यास हरकत नाही. आणि श्रोत्यांमध्ये एखादा गैरहेतूचा मनुष्य बसलेला असेल, तर त्याला कळते की, या मंडळात बोलायला न लाजणारी मुले आणि ऐकायला तयार असलेली माणसे आहेत. बहुधा तो पुढच्या रविवारी येत नाही.